दाढेचा ठणका थांबलाय, मग आता थांबू का?

दापोली तालुक्यातल्या एका बंदरगावाहून आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘स. न. वि. वि. माझं वय 41. खालची उजवी दाढ किडून वर्ष झालं. होळीच्या सुमारास आठवडाभर रात्रीची झोप नव्हती, इतकी ठणकली. दापोलीत दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले रूट कॅनल करून कॅप घाला, नाहीतर काढावी लागेल. गोळ्या घेतल्या आणि ठणका थांबला, तो आजपर्यंत. आता दिराने मुंबईहून व्हिडिओ पाठवलाय. दोन-तीन वर्षांत डोळ्यांना न दिसणारे रोबो दातात सोडतील आणि कीड साफ करतील, जपानात तर नवा दात उगवायचं औषध निघालंय, असं त्यात आहे. सध्या मासेमारी बंदी आहे, बोट वर ओढलीय, पैसा जपून वापरायचा आहे. तर थांबू का? दीर म्हणतो तोवर नॅनो टूथपेस्ट वापरा, सगळ्यांना चालेल. माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या दोन दुधाच्या दाढा किडल्यात, पण डॉक्टर दिसले की तो तोंडच उघडत नाही. सासूबाई मिश्री लावतात. आणि थंड पाणी किंवा कोकमाचं सरबत प्यायलं की माझ्या पुढच्या दातांत कळ जाते.’

ताई, थांबू नका. हे उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल.

‘ठणका थांबला तो आजपर्यंत’ ही तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ आहे. दाताच्या पोटात नस असते, म्हणजे बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. कीड तिथवर पोचली की आत सूज येते. भोवती कठीण भिंती असल्यामुळे सुजेला पसरायला जागा नसते, म्हणून तो जीवघेणा ठणका. काही दिवसांनी नस मरते आणि दुखणं बंद होतं. माणसाला वाटतं गोळी लागू पडली. पण मेलेल्या नसेत रक्त खेळत नाही, त्यामुळे रक्तातून जाणारी गोळी दाताच्या आत पोचतच नाही. जंतू तिथेच राहतात आणि मुळाच्या टोकातून हळूहळू जबड्याच्या हाडात उतरतात. एक्स-रेवर मुळाशी काळसर डाग दिसतो तो त्याचाच. पुढे कधीतरी अचानक गाल सुजतो, आणि तो दिवस बंदी उठेपर्यंत थांबेलच असं नाही. तुमच्या दाढेत नेमकं काय झालंय हे एक्स-रे पाहूनच कळेल. म्हणून तो आधी काढा.

आता दिरांच्या व्हिडिओकडे येऊ. तो खोटा नाही. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात आणि वर्षं कमी करून सांगितलीत, एवढंच.

रोबोंचं काम आपल्याच देशात चाललंय, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि तिथूनच निघालेल्या थेरानॉटिलस या कंपनीत. ते काय करतात हे कळायला दाताची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. बाहेरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल. त्याच्याखाली डेंटिन. ते भरीव दिसतं, पण आपल्या जांभ्या चिऱ्यासारखं आतून छिद्रांनी भरलेलं असतं. या छिद्रांच्या सूक्ष्म नळ्या नसेपासून बाहेरच्या दिशेने जातात. एकेका नळीची रुंदी साधारण एक ते तीन मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि नॅनोमीटर त्याचाही हजारावा), म्हणजे हजार ते तीन हजार नॅनोमीटर. माणसाचा केस 80 हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना येईल. रूट कॅनल करताना आम्ही मुळातली मुख्य वाट सुईसारख्या फाइलने साफ करतो, औषधी पाण्याने धुतो आणि भरून बंद करतो. पण कडेच्या या नळ्यांमध्ये शिरून बसलेले जंतू कधीकधी वाचतात. एंटेरोकोकस फिकॅलिस नावाचा एक जंतू तर यात फारच चिवट आहे. केलेलं रूट कॅनल काही वर्षांनी पुन्हा बिघडतं, त्यात याचा हात अनेकदा सापडतो.

बंगळुरूच्या संशोधकांनी 2022 साली सिलिकाचे, वर लोहाचा थर दिलेले, स्क्रूसारख्या पिळाचे नॅनोबॉट, म्हणजे अतिसूक्ष्म रोबो दाखवले. बाहेरून सौम्य चुंबकीय क्षेत्र फिरवलं की ते गरगरत या नळ्यांमध्ये शिरतात. क्षेत्र बदललं की ते उष्णता सोडतात, आणि त्या उष्णतेने आजूबाजूचे जंतू मरतात. काम झालं की त्यांना परत बाहेरही आणता येतं. अल्ट्रासाउंड किंवा लेसरने धुण्याचा परिणाम सुमारे 800 मायक्रोमीटरपर्यंत पोचतो, हे 2000 मायक्रोमीटरपर्यंत गेले. म्हणजे दोन मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण दाताच्या आत ते फार मोठं अंतर आहे. मला या कामाचा मनापासून अभिमान वाटतो. एखादी दाढ दुसऱ्यांदा उघडायची वेळ आलेल्या रुग्णाला खुर्चीत बसवताना हे बॉट आज हाताशी असते तर, असं वाटून जातं.

पण हे प्रयोग काढलेल्या दातांवर आणि उंदरांवर झालेत. तिथून माणसांवरच्या चाचण्या, मग सरकारी परवानगी, मग यंत्राची किंमत, मग डॉक्टरांचं प्रशिक्षण. मोठ्या शहरातल्या दवाखान्यांतून ते दापोलीपर्यंत यायला आणखी काळ लागेल. आणि व्हिडिओत जे सांगितलं नसावं ते असं: हे बॉट रूट कॅनलच्या ऐवजी नाहीत, रूट कॅनल करतानाच सोडायचे आहेत. दाढ उघडायची, मुख्य वाट साफ करायची, आणि मग कडेच्या नळ्या धुवायला त्यांना पाठवायचं. म्हणजे उद्या ते आले तरी त्यांना काम करायला तुमच्या तोंडात दाढ उभी असायला हवी. दोन-तीन वर्षं कीड आत उतरत राहिली तर उरेल ते वरून फुटलेलं टरफल, आणि त्याला वाचवणारं तंत्र अजून कुणाकडे नाही.

असंच एक काम अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात चाललंय. तिथे आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण चुंबकाने एकत्र आणून त्यांचे ब्रशसारखे केस किंवा फ्लॉससारखा दोरा तयार करतात, आणि तो दातांवरचा चिकट थर खरवडून काढतो. हे त्यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलं. हात थरथरणाऱ्या वृद्धांना, स्वतःचे दात घासता न येणाऱ्यांना याचा पुढे मोठा आधार होईल. पण तेही अजून प्रयोगशाळेतच आहे.

जपानचं औषध नॅनो नाही. दात उगवायला अटकाव करणारं यूसॅग-1 नावाचं एक प्रथिन शरीरात असतं, त्याला रोखणारी ती प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी आहेत. क्योटोमध्ये 2024 साली त्याची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली, आणि ती मुख्यतः औषध सुरक्षित आहे की नाही हे पाहायला. औषध आधी वापरायचं आहे ते जन्मापासूनच काही दात न आलेल्यांसाठी. त्या संशोधकांनी स्वतःपुढे ठेवलेलं लक्ष्यही 2030 च्या आसपासचं आहे. किडलेल्या दाढेच्या जागी नवी दाढ हा त्यापुढचा प्रश्न झाला.

पैशाचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. बरेच लोक तंत्रज्ञानाबद्दल विचारतात आणि खरी अडचण मनातच ठेवतात. बोट वर ओढलेली असताना कॅपपर्यंतचा सगळा खर्च एकदम काढणं किती जड आहे हे किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. म्हणून डॉक्टरांना सरळ सांगा: सध्या एवढं जमेल, टप्प्याटप्प्याने करूया. दाढ उघडून आतली घाण काढणं, औषध ठेवून तात्पुरतं सिमेंट भरणं हा पहिला टप्पा, आणि तोच सगळ्यात तातडीचा. मुळं भरून बंद करणं दुसरा. कॅप बोटी परत समुद्रात गेल्यावर घालता येईल. मात्र ती वर्षभर लांबवू नका. नस काढलेली, कीड पोखरून गेलेली दाढ कमकुवत असते, चावताना उभी चिरते, आणि चिरली की सगळा खर्च वाया. तोवर त्या बाजूने सुपारी, भाजलेले शेंगदाणे, कडक चकली नको.

खासगी दर परवडत नसेल तर खेडला योगिता डेंटल कॉलेज आहे, दापोलीहून एसटी आहे. मुंबईला दिरांकडे जाणं होणार असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय. कॉलेजात वेळ जास्त जातो, फेऱ्या जास्त होतात, पण खर्च कमी येतो आणि विद्यार्थ्यांच्या कामावर शिक्षकांची नजर असते. तिथे जायला मुळीच संकोच करू नका. आणि दाढ वाचण्यासारखी नसेल, किंवा सगळा हिशेब करून काढणंच जमणार असेल, तर तेही योग्य उपचारच आहेत. आत पू साठवून बसण्यापेक्षा काढलेली दाढ केव्हाही बरी. फक्त मग ती जागा कायम रिकामी ठेवू नका. शेजारचे दात कलतात, समोरचा दात खाली उतरतो, आणि चार वर्षांनी तिथे काही बसवायचं म्हटलं तर जागाच उरत नाही.

तुमच्या दिरांना हेही सांगा की नॅनो आधीच दापोलीत पोचलंय. दाताच्या रंगाचं फिलिंग भरतात, ज्यावर निळा प्रकाश टाकून ते कडक करतात, त्यातल्या अनेक मालांत सिलिका आणि झिरकोनियाचे नॅनोकण असतात. 2000 नंतर ते बाजारात रुळले. कण बारीक असल्यामुळे फिलिंगला चकाकी चांगली येते, ती टिकते, आणि मजबुतीही मिळते. मात्र डॉक्टरांनी भरताना दात कोरडा ठेवला का, कीड पूर्ण काढली का, याला माझ्या मते डबीवरच्या नावापेक्षा जास्त महत्त्व आहे.

टूथपेस्टचं बघू. त्यात जो नॅनो पदार्थ असतो तो बहुधा नॅनो हायड्रॉक्सीॲपेटाइट. इनॅमलचा वजनाने सुमारे 96 टक्के भाग खनिज असतो, आणि ते खनिज मुख्यतः याच जातीचं. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर आला की नाहीशा होतात, त्यामुळे गेलेलं इनॅमल शरीर पुन्हा बांधत नाही. मग त्याच पदार्थाचे अतिसूक्ष्म कण बाहेरून द्यावेत ही कल्पना. जपानमध्ये अशी पेस्ट 1980 पासून विकली जाते, आणि 1993 मध्ये तिथल्या सरकारने कीड रोखणारा घटक म्हणून त्याला मान्यता दिली. युरोपच्या ग्राहक-सुरक्षा वैज्ञानिक समितीने 2023 मध्ये ठरावीक आकाराचे, सुईसारखे टोकदार नसलेले कण टूथपेस्टमध्ये 10 टक्क्यांपर्यंत सुरक्षित मानले. तेव्हा हा पदार्थ भंपक नाही. त्याचे कण डेंटिनच्या उघड्या नळ्यांची तोंडं बुजवतात आणि थंड लागणं कमी होतं, हे खरं आहे.

पण तुमच्या मरत चाललेल्या दाढेला कुठलीही पेस्ट उपयोगाची नाही. पुढच्या दातांत जाणारी कळ वेगळी, ती नळ्या उघड्या पडल्याची. त्यासाठी मेडिकलमध्ये मिळणारी पोटॅशियम नायट्रेटची साधी पेस्ट आधी महिनाभर वापरून पाहा, ती स्वस्त पडते. तिने गुण आला नाही आणि हातात पैसे असले तर नॅनोवाली जरूर घ्या. ट्यूबवर मोठ्या अक्षरांत नॅनो लिहिलंय एवढ्यावर घेऊ नका, घटकांच्या यादीत हायड्रॉक्सीॲपेटाइट हे नाव शोधा. नुसतं ‘चांदीचे नॅनोकण’ म्हणून विकली जाणारी पेस्ट रोजच्या वापराला मी सुचवणार नाही. रोज थोडीथोडी पोटात जाणारी चांदी कशाला हवी?

कळ का जायला लागली तेही शोधायला हवं. कोकमाचं सरबत, सोलकढी, कैरीचं पन्हं, लिंबू सरबत ही सगळी आंबट. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं. लाळ ते पुन्हा सावरते, पण तिला वेळ द्यावा लागतो. सरबत सोडायला मी सांगणार नाही, कोकणात राहून ते कुणी करूही नये. ते दिवसभर घोट घोट पिऊ नका, एकदाच प्या, वर साध्या पाण्याने चूळ भरा, आणि अर्धा तास ब्रश करू नका. मऊ पडलेल्या इनॅमलवर ब्रश घासला की ते झिजतं. ब्रशही मऊ केसांचाच हवा.

मुलासाठी सध्या नॅनो पेस्ट नको, फ्लोराइडची पेस्ट द्या. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये जास्तीत जास्त 1000 पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड ठेवता येतं, ट्यूबवर ते लिहिलेलं असतं. बऱ्याच मुलांच्या गोड पेस्टमध्ये त्याहून खूपच कमी असतं, तेव्हा वाचून घ्या. ब्रशवर वाटाण्याएवढी पुरे, रात्री झोपताना तुम्ही स्वतः घासून द्या. सात वर्षांच्या मुलाला मागच्या दाढांपर्यंत नीट पोचता येत नाही.

तो तोंड उघडत नाही यावर एक उपाय आहे: सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. ड्रिल नाही, सुई नाही. किडलेली जागा कोरडी करून त्यावर एक थेंब चोळायचा, मिनिटभराचं काम. चांदी जंतू मारते, फ्लोराइड दात कडक करतं, कीड तिथेच थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते घेतलं. त्याची एकच मोठी अडचण, किडलेली जागा कायमची काळी पडते. दुधाच्या मागच्या दाढा असतील आणि पुढे पडूनच जाणार असतील तर मी स्वतः बेधडक हा उपाय निवडेन. कीड नसेपर्यंत गेली असेल, गळू आलं असेल, तर मात्र याचा उपयोग नाही. ते डॉक्टर पाहून सांगतील.

हा काळा डाग टाळायचा म्हणून ब्राझीलच्या संशोधकांनी नॅनो सिल्व्हर फ्लोराइड तयार केलं आणि 2014 मध्ये मुलांच्या दुधाच्या दातांवर त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात चांदीचे नॅनोकण असतात, त्यामुळे दात काळा पडत नाही. आणि ते कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यात कायटोसॅन घालतात. हे कायटोसॅन कशापासून करतात माहितीये? कोळंबीच्या सालांपासून आणि कुर्ल्यांच्या कवचांपासून. सालातला चुना आणि प्रथिनं काढली की कायटिन उरतं, त्यावर अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसॅन. जंतूंच्या बाहेरच्या भिंतीवर ऋण भार असतो आणि कायटोसॅनवर धन, म्हणून ते जंतूंना चिकटतं आणि स्वतःही त्यांना मारायला मदत करतं. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेत कायटोसॅन बनवण्याच्या पद्धतींवर अनेक वर्षं काम झालंय. आपल्या हर्णै, मिरकरवाडा या बंदरांत सोललेल्या कोळंबीच्या सालांचे ढीग कुजत पडतात, त्यातून उद्या आपल्याच मुलांच्या दातांचं औषध निघावं, आणि त्यात बंदीच्या महिन्यांत चार पैसे मिळावेत, असं मला फार वाटतं. नॅनोच्या भविष्याबद्दल कोकणाने उत्सुक व्हावं असं काही असेल तर ते हे आहे. नॅनो सिल्व्हर फ्लोराइडवर अजून अभ्यास चालू आहेत. मुलाच्या दाढा त्यासाठी थांबवू नका, आज मिळतं ते काळं पडणारं औषध चालेल.

सासूबाईंना कुठलीही पेस्ट देऊन उपयोग नाही, मिश्री चालू असेपर्यंत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. ती हिरडीला लावली की थोडी बधिरता येते, तल्लफ भागते, म्हणून दात स्वच्छ झाल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात हिरड्या खाली सरकतात, मुळं उघडी पडतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. धूर न होणाऱ्या तंबाखूने कर्करोग होतो हे जागतिक पातळीवर पक्कं ठरलेलं आहे. पन्नास वर्षांची सवय असेल, रागावून सुटणार नाही. आधी दिवसातल्या एक-दोन वेळा कमी करायला सांगा, त्या वेळी बडीशेप किंवा ओवा द्या. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन 1800 112 356 मोफत आहे. आणि त्यांना एकदा तुमच्याबरोबर न्याच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं यातलं काही आहे का हे डॉक्टर दोन मिनिटांत बघतील. त्यांचं हे बघणं तुमच्या दाढेइतकंच गरजेचं आहे.

या आठवड्यात दापोलीच्या त्याच डॉक्टरांकडे जा, एक्स-रे काढा आणि तीन प्रश्न विचारा: दाढ वाचेल का, आज किमान उघडून साफ करता येईल का, आणि कॅप किती दिवस लांबवली तर चालेल. मधल्या काळात गाल किंवा जबड्याखाली सूज आली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास व्हायला लागला, तर दातांच्या दवाखान्याची वेळ पाहत बसू नका, त्याच क्षणी उपजिल्हा रुग्णालय गाठा. रात्र असली तरी.

आणि फणसपोळी, आंबापोळी मुलाला द्या, पण जेवणाबरोबर. ती दाढांच्या खाचांत तासन्‌तास चिकटून राहते, म्हणून शाळेच्या डब्यात मधल्या सुट्टीला नको.